तारण नको, साक्षीदार हवा

कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या सातव्या अंकात, सगळं गोड होऊन गेल्यावर, एक अगदी छोटी गोष्ट घडते. मारीच ऋषींच्या आश्रमात दुष्यंत आणि शकुंतला पुन्हा भेटले आहेत. सिंहाच्या छाव्याचे दात मोजायला निघालेला पोरगा आपलाच, हे राजाला कळलं आहे आणि त्याने तिच्या पाया पडून क्षमाही मागितली आहे. मग तिची नजर त्याच्या बोटाकडे जाते. तिथे तीच अंगठी आहे. तो ती काढून तिच्या बोटात घालू पाहतो, तर शकुंतला नको म्हणते. हिच्यावर आता माझा विश्वास नाही, तुमच्याच बोटात असू द्या, एवढंच तिचं म्हणणं. तेवढ्यात इंद्राचा सारथी मातली येतो आणि विषय तिथेच राहतो.

ही अंगठी साधीसुधी नव्हती. रत्नाची होती आणि तिच्यावर राजाचं नाव कोरलेलं होतं. निरोप घेताना दुष्यंताने सांगितलं होतं, रोज यातलं एक अक्षर मोज. अक्षरं संपायच्या आत तुला न्यायला माझं माणूस येईल. वचन, मुदत आणि पुरावा असं सगळं त्याने एका वस्तूत बसवलं. पुढे शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना ती बोटातून निसटली, रोहू माशाने गिळली आणि विकायला आणणाऱ्या बिचाऱ्या धीवराला शिपायांनी चोर म्हणून बांधून नेलं. अंगठी डोळ्यांसमोर नव्हती तोवर राजाला बायको आठवली नाही. अंगठी दिसली आणि आठवली. सहाव्या अंकात तर हा गृहस्थ अंगठीलाच बोल लावतो. किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'पासून, म्हणजे १८८० पासून, मराठी माणसाला ही गोष्ट गाण्यांसकट ठाऊक आहे, त्यामुळे तीत काही खटकतं असं आपल्याला सहसा वाटत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात मात्र ही अंगठी नाहीच. राजाला विसर पाडणारा तो शापही नाही. तिथल्या दुष्यंताला सगळं आठवतं, तरी भर दरबारात तो कानांवर हात ठेवतो. शकुंतलाही काही रडत बसत नाही. हजार अश्वमेध एका पारड्यात घातले तरी सत्याचं पारडं जड होईल, असं ती त्याला तोंडावर सुनावते. मुलाला युवराज करीन हा त्याचा शब्द आणि शेजारी उभा असलेला तो मुलगा, याखेरीज तिच्या हातात काही नसतं. कालिदासाने शाप आणि अंगठी आणून नाटक फार सुंदर केलं, पण राजाला मोकळं सोडलं. लक्षात ठेवण्याची जबाबदारी माणसाच्या डोक्यावरून उतरली आणि बोटातल्या खड्यावर जाऊन बसली.

हे सगळं आठवायचं कारण, आपल्याकडे आता बऱ्यापैकी रुळलेली 'प्रॉमिस रिंग'. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात ११ फेब्रुवारीला 'प्रॉमिस डे' असतो, हे कॉलेजातल्या मुलांना सांगावं लागत नाही आणि त्यांच्या आईवडिलांना सांगून पटत नाही. सराफांनी तो दिवस बरोबर हेरला आहे. साखरपुड्याच्याही आधीची ही अंगठी. तिच्यामागे गुरुजी नाहीत, याद्या नाहीत, मध्यस्थ काका नाहीत. दोघांनी एकमेकांना शब्द दिला, एवढाच तिचा आधार. तो शब्द लग्नाचा असेल, थांबण्याचा असेल, शिकायला परदेशी चाललेल्याने परत येण्याचा असेल. आणि मग गाडी खड्यापाशी अडते. हिरा घ्यावा की नीलम? माणिक बरं की जन्ममहिन्याचा एखादा? सराफ विचारतो, बजेट किती. घरातलं मोठं माणूस विचारतं, रास कोणती. इंटरनेट विचारतं, जन्म कुठल्या महिन्यातला. शब्द काय दिला आहे, हे कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की वचनाच्या अंगठीतला खडा तारण म्हणून घेऊ नये, साक्षीदार म्हणून घ्यावा. तारण महाग असावंच लागतं, कारण ते बुडण्याच्या भीतीवरच त्याचं काम चालतं. साक्षीदाराची किंमत कुणी विचारत नाही. तो जागेवर टिकला पाहिजे आणि विचारल्यावर खरं बोलला पाहिजे.

आता, अंगठीचं तारण झालं कसं, ते बघण्यासारखं आहे. हिऱ्याची अंगठी देण्याची चाल अनादी आहे अशी समजूत असते आणि १४७७ साली ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला दिलेल्या हिऱ्याच्या अंगठीचा दाखला हमखास पुढे येतो. पण राजेरजवाड्यांनी काय दिलं यावरून जगाची चाल ठरत नाही. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये साठे सापडेपर्यंत जगातले जवळजवळ सगळे हिरे आपल्या गोवळकोंड्याकडून जात. ते सामान्य माणसाच्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. १८६० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत खाणी लागल्या आणि हिरा मुबलक झाला. साध्या पगारदाराने लग्न ठरताना हिरा द्यायचा, हा रिवाज मुख्यतः विसाव्या शतकातल्या अमेरिकेचा.

आणि त्यात कायद्याचा एक धागा आहे. लग्नाचं वचन मोडणाऱ्या पुरुषावर तिकडे बाईला भरपाईचा दावा लावता येत असे. १९३५ साली इंडियाना राज्याने हा दावा रद्द केला, पाठोपाठ इतरही अनेक राज्यांनी केला. मार्गारेट ब्रिनिग या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९९० साली एका निबंधात मांडलं, की हिऱ्याच्या अंगठ्यांची मागणी वाढू लागली ती नेमकी याच सुमारास, आणि तीही गाजलेल्या जाहिराती यायच्या आधी. कोर्टाचं दार बंद झालं म्हणून अंगठी तारण झाली, हा त्यांचा तर्क. मला तो पटतो, आणि त्या काळच्या बायकांना त्यासाठी लोभी म्हणायला मी तयार नाही. लग्न मोडलं की बदनामी बाईच्याच पदरी येई. मग हातात काहीतरी असावं असं वाटलं तर त्यात वावगं काय होतं?

जाहिरातवाल्यांनी पुढे त्यावर कळस चढवला. डी बिअर्स कंपनीने १९३८ साली फिलाडेल्फियाच्या एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात कंपनीला हाताशी धरलं. १९४७ साली तिथल्या फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने हिरा चिरंतन असल्याची ती प्रसिद्ध ओळ लिहिली. (गेरेटीबाईंनी स्वतः कधी लग्न केलं नाही.) १९६७ साली जपानमध्ये मोहीम सुरू झाली, तेव्हा तिथल्या शंभरातल्या पाच नवऱ्यामुलींनाही हिऱ्याची अंगठी मिळत नव्हती, १९८१ पर्यंत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. चौदा वर्षांत एका जुन्या, परंपरा जपणाऱ्या समाजाची रीत बदलली. दोन महिन्यांचा पगार अंगठीवर खर्च करावा, हा हिशोबही जाहिरातींनीच शिकवला. प्रेमाचं माप पगारात मोजायची कल्पना एखाद्या कवीच्या डोक्यातून निघाली असती तर तिला आपण हसलो असतो.

गंमत अशी, की ज्या धंद्याने जगाला हे तारण विकलं, तो धंदा आपापसांत शब्दावर चालतो. अँटवर्पच्या हिरेबाजारात सौदा पक्का होतो तो हातात हात देऊन आणि 'माझल उ ब्राखा' हे हिब्रू शब्द उच्चारून. भाग्य लाभो, बरकत येवो, एवढाच त्यांचा अर्थ. व्यापारी ज्यू असो की पालनपूरचा जैन, शब्द तेच. ते उच्चारल्यावर माघार घेतली तर बाजारात तोंड दाखवायला जागा उरत नाही. सुरतेहून मुंबईला कागदाच्या पुड्यांतून हिरे नेणारे आंगडियेही पिढ्यान् पिढ्या विश्वासावरच काम करत आले. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या मुलखात आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने इथले व्यापारी तोंडातून चकार शब्द न काढता, कापडाआड हात धरून बोटांच्या खुणांनी सौदा कसा करतात, त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली चालणारी बोटं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते चित्र लगेच दिसेल. हिरा कोट्यवधींचा, पण त्याच्या व्यवहाराला आधार शब्दाचा. आणि शब्दाच्या व्यवहाराला आधार मात्र हिऱ्याचा हवा, असं आपल्याला शिकवलं गेलं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. काही किंमत मोजल्याशिवाय दिलेल्या वचनाला अर्थ काय? तोंडाच्या वाफा कुणीही दवडतो. खिशाला चाट बसली म्हणजे माणूस गंभीर आहे हे तरी कळतं. खरं आहे, वचनाला किंमत असतेच. पण ती वचन पाळताना मोजायची असते, रोज, थोडी थोडी. सराफाला मोजलेली रक्कम सराफाकडे गेली. तिचा त्या पाळण्याशी काही संबंध उरत नाही. उलट बावीस वर्षांच्या मुलाने हप्त्यावर हिरा घेतला, की दोघांच्या मध्ये त्या हप्त्यांची आठवण येऊन बसते. पुढे काही बिनसलं तर बोलणं अंगठी परत करायची की नाही यावर येऊन थांबतं. मोडलेल्या साखरपुड्यांनंतर दोन्ही घरं अंगठी-साडीच्या याद्या घेऊन कशी भांडतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. आणि मनाविरुद्ध, केवळ एवढा खर्च झाला म्हणून पुढे रेटलेली लग्नंही पाहिली आहेत. तारण इतकं चोख काम करतं, की कधी कधी जे मोडायला हवं तेही मोडू देत नाही.

मग साक्षीदार म्हणून खडा कसा निवडायचा? पहिली गोष्ट, तो रोजच्या हाताला टिकायला हवा. फ्रीडरिश मोहस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पट्टी तयार केली. ती अजून चालते. हिरा दहावर, माणिक, नीलम आणि पुष्कराज नऊवर, पाचू साडेसात ते आठ, स्फटिक सातवर. या सातच्या आकड्याला महत्त्व आहे, कारण आपल्या भोवतालच्या धुळीत स्फटिकाचेच कण असतात. सातच्या खालचा खडा रुमालाने पुसतानासुद्धा हळूहळू चरत जातो, त्याची झळाळी उतरते. ओपल साडेपाच-सहाच्या घरात. टांझानाइट सहा-सात. मोती तर जेमतेम अडीचच्या वर, शिवाय घाम आणि अत्तर दोन्ही त्याला सोसत नाहीत. आपल्या नथींतले बसरा मोती पिढ्यान् पिढ्या टिकले, कारण नथ घालून रोज कुणी भांडी घासत नाही किंवा स्कूटर चालवत नाही. अंगठी मात्र हातात असते. दाराची कडी, स्कूटरचा ब्रेक, स्टीलची कढई, जिममधला लोखंडी दांडा, हे सगळं त्या खड्याच्या वाट्याला येतं.

कठीण म्हणजे न फुटणारा, असंही नाही. हिऱ्याला चार दिशांनी चीर जाते. नेमका टोला बसला तर तो दुभंगतो. पुष्कराज म्हणून कधी कधी गळ्यात मारला जाणारा टोपाझ आठवर आहे, पण त्यालाही एका दिशेने सहज चीर जाते. पाचूच्या पोटात जन्मजात भेगा असतात. युरोपातले जवाहिरे कौतुकाने त्यांना बाग म्हणतात. म्हणून रोजच्या अंगठीला मला बंद कोंदण बरं वाटतं, म्हणजे खड्याच्या सगळ्या बाजूंनी धातूची कड आलेली. चार नख्यांवर उचलून धरलेला खडा काचेच्या कपाटातल्या दिव्याखाली झगमगतो खरा. पण नख्या स्वेटरच्या धाग्यात अडकतात, झिजतात आणि एक दिवस खडा कुठे पडला तेही कळत नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या लेखी तीच मुख्य: खडा स्वतःबद्दल खरं सांगणारा असावा. खडा बिचारा मुका. खोटं बोलतो तो विकणारा. बाजारातली बहुतेक माणकं आणि नीलम भट्टीत तापवलेली असतात. श्रीलंकेत दुधी रंगाचा 'ग्यूडा' नावाचा कच्चा दगड मिळतो. एके काळी त्याला कुणी विचारत नसे. १९७० नंतर थायलंडच्या कारागिरांनी तो प्रचंड तापवला, तर आतून गर्द निळा नीलम निघाला. हे फसवणुकीत बसतं का? मला तसं वाटत नाही. खंबायतचे कारागीर रतनपूरचा अकीक मडक्यांत भरून तापवत आले आहेत, कारण उष्णतेने त्यातल्या लोहाचा रंग पालटतो आणि पिवळट दगड लालबुंद होतो. हीच विद्या हडप्पा काळातल्या मणीकारांना अवगत होती, आणि त्यांचे लांब लाल मणी मेसोपोटेमियातल्या उर नगरीच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत. माणसाचा हात लागला म्हणून खडा खोटा होत नाही. हात लागल्याचं लपवलं की खोटं सुरू होतं.

उदाहरणार्थ शिशाच्या काचेने भरलेलं माणिक. भेगाळलेलं, जवळजवळ टाकाऊ माणिक घेऊन त्याच्या फटींत ही काच वितळवून भरतात. वरून बघाल तर लालभडक, पारदर्शक. पण अंगठी सैल झाली म्हणून सोनाराने खडा न काढता फुंकणी लावली, की काच उकळून बाहेर येते आणि माणकावर जाळं उमटतं. एवढं कशाला, लिंबाच्या रसानेही ती काच खाल्ली जाते. आठवडाभर सरबतं करणारा हात पुरेसा आहे. असा खडा स्वस्तात, सांगून विकला तर तक्रार नाही. तो अस्सल माणिक म्हणून वचनाच्या अंगठीत बसवला, तर वचनाची सुरुवातच एका लपवलेल्या गोष्टीने झाली, भले देणाऱ्यालाही ती ठाऊक नसो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याकडेही मी याच नजरेने बघतो. हिऱ्याचा एक पातळ काप बीज म्हणून बंद कक्षात ठेवायचा, आत मिथेन आणि हायड्रोजन सोडून त्यांचा प्लाझ्मा करायचा, की त्यातला कार्बन थरावर थर बसत काही आठवड्यांत हिरा तयार होतो. तो नकली नाही. रचनेने, कठीणपणाने तो हिराच आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ साली हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्दच काढून टाकला. २०२३ च्या जूनमध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा हिरवा हिरा भेट दिला, तोही प्रयोगशाळेतलाच होता. तारण म्हणून हा हिरा कुचकामी आहे, कारण त्याचे भाव कोसळत आले आहेत आणि विकायला गेलात तर हातात फारसं काही पडत नाही. साक्षीदार म्हणून त्याला मी पूर्ण गुण देईन. फक्त 'हा सुरतेच्या यंत्रात वाढलेला आहे' हे देताना सांगता आलं पाहिजे. ज्याला ते सांगायची लाज वाटते, त्याने तो घेऊ नये.

आता पत्रिकेचा मुद्दा. आपल्याकडे नीलमाची धास्ती मोठी. शनीचा खडा, सोसला तर राजा, नाही तर वाटोळं. म्हणून आधी उशाखाली ठेवून रात्र कशी जाते ते बघतात. तिकडे इंग्लंडच्या चार्ल्सने १९८१ साली डायनाला दिलेल्या अंगठीत बारा कॅरेटचा सिलोनी नीलमच होता. १९९६ साली त्यांचा घटस्फोट झाला, तेव्हा आपल्याकडचे कितीतरी जण म्हणाले असतील, बघा, भोवला ना! पण तीच अंगठी २०१० साली विल्यमने केटला दिली, आणि तो संसार चालू आहे. नीलमाने पहिला संसार मोडला नाही, दुसरा सांभाळलाही नाही. शिवाय सूर्याचं माणिक, शनीचा नीलम आणि गुरूचा पुष्कराज हे तिन्ही मुळात एकच खनिज, कुरुंद. म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. क्रोमियमचा अंश आला की लाल, लोह आणि टायटॅनियम आलं की निळं. पुराणात सूर्य आणि शनी या बापलेकांचं पटत नाही. खाणीत मात्र ते एका गोत्रात नांदतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ग्रहांचे खडे जरूर वापरावेत. मात्र वचनाच्या अंगठीत ते नकोत. तिथे खड्याने नशीब सांभाळायचं असेल तर माणसाने काय करायचं?

जन्ममहिन्याच्या खड्यांचंही फार प्राचीन काही नाही. आजची यादी १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने कॅन्ससला बसून ठरवली. टांझानाइट तर १९६७ साली टांझानियात सापडलं आणि २००२ साली डिसेंबरच्या खात्यात जमा झालं. वाढदिवसाला द्यायला ही यादी सोयीची आहे, याहून अधिक तिच्याकडून मागू नये.

आणि अंगठी घालायची कुणी? आजची रीत अशी, की वचन देतो मुलगा आणि अंगठी घालते मुलगी. म्हणजे ज्याने लक्षात ठेवायचं त्याचं बोट मोकळं, आणि जिने वाट बघायची तिच्या बोटात पुरावा. शकुंतलेने नेमकं इथेच बोट ठेवलं होतं: विसरलात तुम्ही, तेव्हा घाला तुम्ही. वचन दोघांचं असेल तर अंगठ्या दोन हव्यात, आणि प्रत्येकाने स्वतः दिलेल्या शब्दाची अंगठी स्वतः घालावी. एवढं मान्य केलं की निवड आपोआप सरळ होते. पैसे दोन अंगठ्यांत वाटले जातात, म्हणून अवाढव्य खडा आपसूक बाद होतो. आणि दोन्ही हात काम करणारे असल्याने नाजूक खडाही बाद होतो.

उरतं काय, विचाराल तर पुष्कळ काही उरतं. तापवलेला छोटासा सिलोनी नीलम, मग तो निळाच असायला हवा असं नाही. गुलाबी, पिवळा, फिका हिरवाही मिळतो. माझा स्वतःचा कल स्पिनेलकडे आहे. कठीणपणात तो आठवर, त्याला सहज चीर जात नाही आणि बहुतेकदा त्याच्यावर कसलीही प्रक्रिया केलेली नसते. शतकानुशतकं लोक त्याला माणिकच समजत आले. ब्रिटिश राजमुकुटातलं ते प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' प्रत्यक्षात स्पिनेल आहे. एवढी वर्षं दुसऱ्याच्या नावाने मुकुटात बसलेल्या खड्याला स्वतःच्या नावाने साक्ष द्यायची संधी मिळावी, असं मला उगाचच वाटतं.

आणि खिसा अगदीच हलका असेल तर आपल्या पायाखाली बघावं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. ते थंड होताना अडकलेल्या वायूंच्या पोकळ्यांत पुढे सिलिका झिरपली आणि अकीक, स्फटिक, कुठे कुठे जांभळा ॲमेथिस्टही तयार झाला. जळगाव, नाशिक, पुण्याच्या दगडखाणींत आणि विहिरी खणताना हे दगड निघतात आणि कित्येकदा खडीच्या यंत्रात जातात. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. अंगठीसाठी ते फार मऊ, पण अकीक चालतो. कठीणपणात तो सातच्या जवळ, पोत घट्ट विणलेला, त्यामुळे सहसा फुटत नाही. चांदीच्या बंद कोंदणात तो घोटून बसवला तर रोज घालता येतो, आणि हरवला तर दुःख वाटेल ते आठवणीचं, पैशांचं नाही. कुठल्या गावच्या दगडाला आपण साक्षीला ठेवलंय, हेही सांगता येतं. दोन हजार मैलांवरच्या, नाव न उच्चारता येणाऱ्या खाणीतल्या खड्यापेक्षा हे मला जवळचं वाटतं.

दुकानात जाल तेव्हा एवढं करा. सोन्यावरचा हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो. खड्याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून बिलावर खड्याचं नाव, त्याचं वेगळं वजन, तो खाणीतला की प्रयोगशाळेतला, आणि तापवणं, तेल भरणं, काच भरणं यांपैकी काय केलं आहे, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. तो लिहून द्यायला कां कूं करू लागला तर उठा आणि दुसऱ्या दुकानात जा. खडा मोठा असेल तर मुंबई-जयपूरच्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा दाखला मागा. आणि अंगठी देताना ते बिलही दाखवा, किमतीसकट.